बोटभर दोर

बैलाला उजवं-डावं असतं, हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. मी जळगावच्या पेठेत वाढलेला. आमच्या घरात जनावर म्हणजे समोरच्या पत्र्यावरून येणारं मांजर, तेही दूध सांडून जाणारं. बारावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका केली ती नोकरी लवकर लागते एवढंच ऐकून. ती खरोखर लवकर लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका गावी, गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून हजर झालो. लोक मला डॉक्टरसाहेब म्हणत. खरे डॉक्टर तालुक्याला बसत, मी आपला सुई टोचणारा आणि पट्टी बांधणारा. पहिले काही दिवस मी लोकांची चूक दुरुस्त करत असे. मग सोडून दिलं, कारण 'डॉक्टरसाहेब' ऐकायला कोणाला वाईट लागतं?

दवाखान्यात आणखी एक माणूस होता, सुपडूआप्पा. सरकारी कागदावर तो 'व्रणोपचारक'. हा शब्द गावात कोणालाच म्हणता येत नसे, त्यालाही नाही. माझ्यापेक्षा वयाने पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, काळा, काटक, कानात बाळी. जनावर दवाखान्याच्या फाटकातून आत येतानाच्या चालीवरून हा सांगे की दुखणं खुरात आहे की पोटात. मी थर्मामीटर लावून, पुस्तक आठवून, नाडी मोजून तिथेच पोचायचो, पण उशिरा. तरी लोकांसमोर तो नेहमी म्हणे, "साहेबले इचारा." मला वाटे, याला माझ्या शिक्षणाची किंमत आहे.

धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कामात निम्मं औषध आणि निम्मा दोर. माणसाला 'हलू नका' म्हणता येतं. बैलाला आधी आडवं पाडावं लागतं. त्यासाठी एक लांब दोर मधोमध धरून शिंगांच्या मुळाशी बांधायचा, मानेवरून छातीला एक वेढा, पोटाला एक वेढा, आणि मागून दोघांनी एकेक टोक सावकाश ओढायचं. नीट जमलं तर सहाशे किलोचा बैल गुडघे मोडून असा शांत बसतो की नवा माणूस बघतच राहील. जमलं नाही तर बैल तुम्हाला घेऊन गावाला प्रदक्षिणा घालतो. पहिल्याच वर्षी एका म्हशीने मला दवाखान्यातल्या जनावर अडकवायच्या खोड्यावर असं दाबलं की उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण नंतर त्या हातात पहिला जोर आला नाही. आला नाही असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र वाटत होतं की आला, कारण सुपडूआप्पा आणि मी दोघं मिळून त्यानंतर दहा वर्षं बैल पाडत होतो.

आमच्याकडे भांडणंही यायची. जनावर दोघांचं असलं की दुखणं एकाचं आणि तक्रार दुसऱ्याची. गावात शेळी अर्धेलीने द्यायची पद्धत होती. मालकीण एक, सांभाळणारी दुसरी, आणि पिलं निम्मी निम्मी. अशाच एका शेळीला घेऊन दोघी शेजारणी आल्या. पोटात किती पिलं आहेत, ते आत्ताच सांगा म्हणाल्या, म्हणजे पुढे वाद नको. मी पोट चाचपलं आणि पदविकेच्या जोरावर सांगितलं, दोन. शेळीने तीन दिली. एक इकडे, एक तिकडे, आणि तिसरं माझ्या चुकीचं. ते दोघींच्या मधल्या ओट्यावर राहू लागलं. दोघीही त्याला आपलं समजून खायला घालत, एकीला न सांगता दुसरी. महिन्याभरात ते पोट फुगवून माझ्याकडेच आलं. अपचन. सुपडूआप्पा म्हणाला, "दोन मायना लाड शे, साहेब, औषध नको, उपास पाहिजे."

तर ही झाली हसायची गोष्ट. मला सांगायची आहे ती दुसरी. तीत माझी चूक हसण्यावारी गेली नाही.

चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याला दोन बैल परवडत नाहीत, आणि एका बैलाने शेती होत नाही. म्हणून दोघांनी एकेक बैल पाळायचा आणि दोघांची मिळून एक जोडी करायची. याला सावड म्हणतात. एका वर्षी याचं शेत आधी, दुसऱ्या वर्षी त्याचं. या करारावर सही नसते, साक्षीदार नसतो. लोटनभाऊ आणि हिलालनाना यांची अशी सावड होती. मूळची ती लोटनच्या वडिलांची आणि हिलालनानाची. वडील गेले तेव्हा लोटन एकोणीस वर्षांचा होता. सावड त्याने तशीच पुढे चालवली, त्यालाही बारा वर्षं झाली होती. लोटन तापट, बोलायला मोकळा. नाना साठीकडे झुकलेला, बोलणं इतकं कमी की त्याचा बैल त्याच्यापेक्षा जास्त बोले. लोटनच्या बैलाचं नाव गुलब्या, तांबूस, भरलेला, ऐन जोमातला. नानाचा चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका, आणि आता दात झिजलेला. गुलब्या नेहमी डावीकडे, चांद्या उजवीकडे. बैल ज्या बाजूला शिकतो त्या बाजूलाच आयुष्यभर चालतो. हेच ते उजवं-डावं, मी सुरुवातीला म्हटलं ते. जू लोटनच्या घरचं, वखर आणि पेरणीची पाभर नानाची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती पूजा. त्या दिवशी लोटनने गुलब्याच्या खांद्यावर हात फिरवला तर हाताला लिंबाएवढी गाठ लागली. बैलाने अंग काढून घेतलं. लोटन तसाच त्याला घेऊन दवाखान्यात आला. बैलांना रंग, गोंडे, झुली घ्यायला बाजारात आलेली माणसं आमच्या फाटकाशी उभी होती. नानाही मागोमाग आला, आणि अंगणातल्या कडुनिंबाला टेकून उभा राहिला.

"डाक्टरसाहेब, खांदा पहा बरं," लोटन म्हणाला. "हाई कसामुळे व्हयनं?"

आता इथे मला फक्त औषध सांगायचं होतं. मलम, शेक, दहा दिवस जू लावू नका. पण समोर पंधरा-वीस माणसं होती आणि मी तिशीच्या आतला होतो. मी समजावून द्यायला लागलो. जुवाच्या बरोबर मध्ये वखराचा दोर बसला तर दोन्ही बैलांवर ओढ सारखी येते. दोर बोटभर जरी एकीकडे सरकला, तर तो ज्या बैलाच्या जवळ गेला त्याच्यावर ओझं जास्त आणि लांबच्याला कमी. मी एक काठी घेतली, मध्ये पिशवी अडकवली, एका टोकाला लोटनला धरायला लावलं, दुसऱ्याला सुपडूआप्पाला, आणि पिशवी सरकवून दाखवली. लोकांना पटलं. मलाही माझा अभिमान वाटला.

"म्हणजे यावर्षी दोर गुलब्याकडे सरकवलेला आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या बैलाला हलकं जावं म्हणून कोणीतरी हे केलंय."

सुपडूआप्पाने काठी खाली टाकली. तो कधी काही टाकत नसे, म्हणून ते मला आठवतं.

लोटनने वळून नानाकडे पाहिलं. जुवाला दोर बांधायचं काम बारा वर्षं नानाचंच होतं, हे गावाला ठाऊक होतं.

"नाना, दोर तुम्ही सरकाडा?"

 नानाने एकदा गुलब्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मना बैलना खांदा फोडा तुम्ही. तुमना म्हातारा बैलले सुख व्हवाले पाहिजे म्हनून. मी तुमले बापना जागे मानं."

त्यावरही नाना गप्प. खांद्यावरचा रुमाल नीट केला आणि फाटकातून निघून गेला. संध्याकाळी कळलं की लोटनच्या गोठ्यात बांधलेला चांद्या त्याने सोडून आपल्या घरी नेला. दोन्ही बैल एकाच गोठ्यात राहत, कारण कामाच्या दिवसांत सोयीचं पडे.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावाच्या वेशीत तोरण बांधलं होतं, वाजंत्री वाजत होती, बैल जोडीजोडीने तोरणाखालून जात होते. गुलब्या एकटा गेला. बऱ्याच वेळाने, सगळे गेल्यावर, चांद्या एकटा गेला. नानाने त्याची शिंगं नेहमीसारखी लाल रंगवली होती. मी आणि सुपडूआप्पा पारावर उभे होतो. मी म्हणालो, "खरं ते सांगितलं मी." सुपडूआप्पा म्हणाला, "हो साहेब, खरंच सांगं तुम्ही." आणि पुरणपोळी खायला घरी निघून गेला. मला त्या दिवशी पुरणपोळी गोड लागली नाही.

पोळ्यानंतर पंधरवड्यात आमच्याकडे दादरची पेरणी असते. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. ती काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, वर पाऊस लागत नाही. पण ओल उडायच्या आत बी खाली गेलं पाहिजे. चार-पाच दिवसांचा खेळ. तो चुकला तर वर्षाची भाकरी गेली, आणि जनावरांचा कडबाही. दोन घरांची वर्षभराची भाकरी माझ्या त्या काठीच्या प्रयोगावर अडकून बसली होती. मी रोज सायकलवरून दोघांच्या वावराजवळून जायचो. शेजारची वावरं पेरून होत होती. या दोघांची तशीच पडून होती.

गुलब्याचा खांदा दहा दिवसांत बरा झाला. लोटनने चुलत्याचा बैल मागून आणला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला, चेहरा उतरलेला.

"साहेब, गुलब्या चारा खात नही. वावरमा जू टाकं का खाली बसस. काय व्हयनं त्याले, चालीसन पहा."

मी आणि सुपडूआप्पा गेलो. ताप नाही. पोट ठीक. खूर ठीक. खांदा साफ. मी दोनदा तपासलं, काही सापडेना. सुपडूआप्पा चुलत्याच्या बैलाकडे बघत होता.

"हाऊ पन डावा अंगना शे," तो म्हणाला. "दोन्ही डावा. एकले उजवीकडे चालानं म्हंजे तो कसा चालई? आनी चारा तो कसा खाई, साहेब? त्याना शेजारनी जागा रिकामी शे."

मी पुस्तकात असं दुखणं वाचलेलं नव्हतं. गोठ्यात खरोखर एक खुंटा रिकामा होता, आणि गुलब्या गव्हाणीच्या आपल्याच निम्म्या भागात तोंड घालून उभा होता. दुसऱ्या निम्म्यात त्याने तोंडच घातलं नव्हतं, तिथे चारा पडलेला असूनही.

बाहेर यायला वळलो तर भिंतीला जू टेकवलेलं दिसलं. बाभळीचं, जुनं, काळं पडलेलं. त्या दिवशी मी बैलाचा खांदा पाहिला होता, जू पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. मध्ये एक खाच होती, वर्षानुवर्षांच्या दोराने गुळगुळीत झालेली. डावीकडे, गुलब्याच्या बाजूला, दोन बोटांवर एक खाच, पांढरी, ताजी, सुताराच्या वाकसाने यंदाच पाडलेली. आणि उजवीकडे, चांद्याच्या बाजूला, तिसरी खाच. ती जुनी होती. आत तेल मुरून काळी झालेली, खोल, दोराच्या पिळाचे ठसे उमटलेले. कोणीतरी वर्षानुवर्षं दोर तिथे बांधला होता.

"लोटनभाऊ, ही उजवीकडची खाच कोणाची?" मी विचारलं.

"माले काय माहीत," तो म्हणाला. "नानाच बांधे."

"ती मी सांगस," आतून आवाज आला. लोटनची आई, सारजाअक्का, दाण्याचं सूप हातात घेऊन दारात आली होती. सगळं गाव तिला अक्का म्हणे. पोळ्याच्या आधी ती मुलीकडे पाचोऱ्याला गेली होती, कालच परतली होती. काय काय घडलं ते तिला सुनेने रात्री सांगितलं असावं.

ती ओट्यावर बसली आणि सूप बाजूला ठेवलं. "तुना बाप गया, तवय आपला घर बैल कसा व्हता, आठवस का तुले? नुसता हाडे. उभा ऱ्हावानी ताकत नही. त्याले निम्मी ओढ दिधी असती ना, तर तो वावरमाच मरता. हिलालनी दोर आपला बैलकडे येऊ दिधा नही. सहा वरीस. त्याना बैलनी बठ्ठी ओढ लिधी. आपला दुसरा बैल मोठा व्हयना, मग त्यानी दोर परत मधमा आना."

लोटन जुवाकडे बघत राहिला.

"तुले कोनी सांगं का हाई?" अक्काने त्याला विचारलं.

"नही."

"मालेबी नही सांगं. मी जू पुसाले लिधं, तवय खाच दखी." अक्काने ताज्या खाचेकडे बोट केलं. "आते त्याना चांद्या म्हातारा व्हयना. उन्हायामा जू सुतारकडे धाडं, तवय मीच सुतारले सांगं, बोटभर आपला बैलकडे खाच पाड. मी सांगेल एक बोट, त्या मेल्यानी दोन पाडी. म्हनून खांदा उना. हिलालना काय दोष? खाच दिसनी, तठे त्यानी दोर बांधा. त्याले समजनं व्हई, हाई अक्कानं काम शे म्हनून."

"मग माले सांगं का नही तू?" लोटनचा आवाज चिरकला.

"कसाले सांगू? सांगं म्हंजे उपकार व्हस. सावडमा उपकार ठेवतस नही."

मी तिथे उभा होतो, गळ्यात तो तपासायचा नळा अडकवून. मला एकदम ध्यानात आलं की दवाखान्यात नाना गप्प का राहिला. 'मी नाही केलं' म्हणाला असता, तर मग कोणी केलं हे लोकांनी विचारलंच असतं. अक्काने केलेलं त्याने चारचौघांत उघडं पाडलं नाही. आपल्या माथी घेतलं आणि बैल सोडून नेला. आणि माझं बोलणं शब्दाशब्दाने खरं होतं. दोर सरकवलेला होता, मुद्दाम सरकवलेला होता, आणि दुसऱ्या बैलाला हलकं जावं म्हणूनच. एवढं सगळं बरोबर सांगूनही मी चुकलो होतो. त्या आधी आणि नंतर मी जनावरांच्या बाबतीत पुष्कळ चुका केल्या. एक-दोन तर जिवावर बेतल्या. पण जिची लाज वाटते ती ही.

लोटनने जू उचलून खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला. मी मागे निघालो. सुपडूआप्पा म्हणाला, "साहेब, आपलं काम व्हयनं." मी म्हणालो, "माझं नाही झालं."

नाना अंगणात चांद्याला पाणी दाखवत होता. लोटनने जू त्याच्या पायाशी ठेवलं.  

"नाना, सहा वरीस दोर तुम्ही तुमना बैलकडे बांधा. माले कधी बोलनात नही."

नानाने बादली खाली ठेवली. "कोनता दोर?"

लोटन खाली बसला आणि त्याने तोंड रुमालात घातलं. एकतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. नाना त्याच्याकडे न बघता जू चाचपून बघत होता.

"वल उडी ऱ्हायनी," नाना म्हणाला. "पहिले तुनं वावर का मनं?"

"यंदा तुमनी पाळी शे."

"तुनं वावर उतारले शे, वल कमी. तुनं पहिले."

मग मी पुढे झालो. म्हणालो, "नाना, चूक माझी झाली. मी लोकांसमोर तसं बोलायला नको होतं."

नाना हसला. वरचा एक दात नव्हता. "तुमनं बरोबर व्हतं, साहेब. नुसतं सांगाना पहिले इचारं ऱ्हातं, तर बरं व्हतं."

त्याच दुपारी पाभर जुंपली. मी दवाखाना बंद करून बांधावर जाऊन बसलो. सरकारी वेळेत, हे आता सांगायला हरकत नाही. नानाने दोर मधल्या खाचेत बांधला. लोटनने तो सोडला आणि बोटभर, एकच बोट, गुलब्याकडे बांधला. नानाने सोडून पुन्हा मध्ये आणला. असं तीनदा झालं. शेवटी चांद्यानेच कंटाळून पाऊल टाकलं आणि गुलब्या त्याच्याबरोबर निघाला. दोर तेव्हा कुठे होता ते मी पाहिलं नाही. त्या वर्षी दोन्ही वावरांत दादर कमरेच्या वर आली. चांद्या पुढे दोन पेरण्या ओढून जागेवर बसला. नानाने त्याला विकला नाही, आणि लोटनने नव्या बैलाच्या शोधात नानाबरोबर चार बाजार पायी पालथे घातले.

एवढ्यावर मी शहाणा झालो असं मला वाटत होतं. ही गोष्ट मी नव्या मुलांना प्रशिक्षणात सांगायचो. बोलण्याआधी जू बघा, म्हणायचो. पण आपल्या खांद्यावरचं जू माणसाला दिसत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली धुळे जिल्ह्यात झाली. निरोपाच्या दिवशी सुपडूआप्पाने मला आमचा तो बैल पाडायचा जुना दोर दिला. सुती, हाताच्या घामाने मऊ झालेला. "नवा दोर हात कापस," म्हणाला. तिकडे पहिल्याच आठवड्यात एक बैल आला, शिंगाच्या दुखण्याचा. उघडं मैदान होतं. मी सराईतपणे दोर बांधला, नव्या परिचराला म्हणालो, तू एक टोक धर, मी एक धरतो. अकरा वर्षं केलं होतं हे. बैलाने नुसती मान झटकली आणि दोर माझ्या मुठीतून सळकन निघून गेला. तळहाताची साल निघाली. उजवा खांदा असा कळवळला की मी खालीच बसलो.

"साहेब, तुम्ही याआधी दोर धरलाच नाही का?" परिचराने विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

तळहाताला पट्टी बांधून घेता घेता मला ते दिसलं. जुन्या दवाखान्यात बैल नेहमी कडुनिंबाजवळ पाडायचो. मळ्यात गेलं तर सुपडूआप्पा आधी झाड शोधायचा. झाड नसलं तर गाडीचं जू, विहिरीचा खांब, काहीही. "साहेब, तुम्ही आठे उभा ऱ्हा," म्हणून मला त्याच्या आडोशाला उभा करायचा. मला वाटे, याला सावलीचं वेड आहे. मी त्याची चेष्टासुद्धा करायचो. माझ्या हातात टोक देण्याआधी तो दोराचा एक वेढा खोडाला घालायचा. ओढ झाड घ्यायचं. मी नुसतं टोक धरून उभा असायचो आणि समजायचो की बैल मी पाडला. वेढ्याशिवायचं मोकळं टोक, सगळी ओढ असलेलं, त्याच्या हातात असायचं. म्हशीने माझा खांदा निखळवला त्या वर्षापासून. आणि हे सगळं चालू असताना त्याच कडुनिंबाखाली उभं राहून मी लोकांना ओझं सारखं कसं वाटतात ते काठी धरून शिकवलं होतं, दुसऱ्या टोकाला त्यालाच उभं करून.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अकरा वर्षांनी का होईना, दवाखान्यातला दोर दिसला तुम्हाला. घरातला कधी दिसतोय बघू."  मी भाकरी उलटायला उलथणं पुढे केलं. तिने ते घेतलं नाही, ती हातानेच उलटते. इतक्या वर्षांत तेही मला माहीत नव्हतं.

सुपडूआप्पाकडे जायचं, विचारायचं, असं ठरवता ठरवता बरीच वर्षं गेली. तो निवृत्त झाला, मग मीही झालो. मग एका वैशाखात गेलोच. तो आता वाकला आहे, कानातली बाळी तशीच. घराच्या मागच्या अंगणात एक शेवगा, त्याची जेमतेम सावली, आणि त्यात एकच खाट. त्याने मला बघितलं, खाट अर्धी उन्हात जाईल अशी ओढली आणि सावलीच्या बाजूला मला बसवलं. स्वतः दुसऱ्या टोकाला बसला. लोटनचं विचारलं तर म्हणाला, बरा आहे, ट्रॅक्टर घेतला, तोही नानाच्या मुलाबरोबर भागीत. जू अजून भिंतीला आहे, विकत नाही म्हणतो.

चहा झाला. त्याच्या पाठीवर ऊन आलं होतं. मी म्हणालो, "आप्पा, एक विचारायचंय. इतकी वर्षं बैल पाडताना माझ्या बाजूचा दोर तू झाडाला वेढा घालून देत होतास. मला एकदाही सांगितलं नाहीस."

त्याने कप खाली ठेवला, उपरण्याने मान पुसली, आणि माझ्याकडे अगदी निरागस तोंड करून पाहिलं.

"कोनता दोर, साहेब?"